बामणोलीपलीकडे

बामणोलीला बोटीपर्यंत किती चालावं लागतं, त्यावरून कोणता महिना चालू आहे ते सांगता येतं. ऑक्टोबरात कोयनेचं पाणी काठोकाठ असतं. गाडीतून उतरलं की चार पावलांवर बोट. जानेवारीत थोडा उतार लागतो. मे महिन्यात मात्र आधी भेगाळलेला गाळ, मग त्याच गाळावर उगवलेलं हिरवं लुसलुशीत गवत, त्यात पसरलेल्या म्हशी, आणि त्या सगळ्याच्या पार खाली पाणी. काठ इथं एका जागी थांबत नाही. पाणी उतरेल तसे बोटवालेही फळ्या, दोर आणि खुंट्या घेऊन त्याच्या मागोमाग खाली सरकतात, आणि जूनच्या पावसानंतर पुन्हा वर चढतात.

हे पाणी वर्षभर कुठे ना कुठे निघालेलं असतं. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला समांतर अशी सरळ दक्षिणेला येते. हेळवाकजवळ ती पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेत मिसळते. त्या वळणाच्या अलीकडे, कोयनानगरला तिला अडवलं. धरण १९६४ च्या सुमारास पुरं झालं आणि मागे पन्नास किलोमीटरहून लांब, चिंचोळा शिवसागर जलाशय तयार झाला, थेट तापोळ्यापर्यंत. धरणाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. यातलं बरंचसं पाणी नदीच्या वाटेनं पूर्वेला जातच नाही. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पश्चिमेला कोकणात पोफळीकडे कोसळतं, तिथं वीज होते, आणि मग वाशिष्ठीतून ते समुद्राला मिळतं. असं पश्चिमेला किती पाणी सोडायचं यावर कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. म्हणजे मुंबई-पुण्यात पंखे फिरतात, कारखाने चालतात, तेव्हा बामणोलीचा काठ रोज थोडाथोडा खाली जात असतो. काठावर तंबू ठोकून बसलेल्या माणसाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. ज्या पाण्याकडे बघून तो सुखावतो, ते इथं मुक्कामाला नाही, कामावर आहे.

मी साताऱ्यात वाढले. आमच्याकडे ‘फिरायला जाणं’ याचा अर्थ कासवरून बामणोली असाच होता. एसटीच्या मागच्या सीटवर बसून, पोटात कालवत, यवतेश्वरचा घाट चढायचा, पठारावर वाऱ्यानं केस विस्कटून घ्यायचे आणि मग पलीकडच्या उतारावर, झाडांच्या फटीतून, ते निळं पाणी पहिल्यांदा दिसायचं. तेव्हा आम्हाला तळं म्हणजे तळं. ते कसं झालं, आधी तिथं काय होतं, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि मोठ्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. पुढं वासोटा किल्ल्याच्या निमित्तानं या खोऱ्यात येणं वाढलं, तशी ही माहिती मला मिळाली ती पुस्तकांतून कमी आणि बोटीत बसून जास्त.

वासोट्याला जायची रीत ठरलेली आहे. आधी वन खात्याची परवानगी. नावं, वय, ओळखपत्र. मग बोट क्लबच्या नंबरानं येईल ती बोट. माणसं कमी असली तर दुसऱ्या गटाबरोबर भागीदारी. भगव्या रंगाची लाइफ जॅकेटं अंगात अडकवायची. मग दीड तासाचा प्रवास. डिझेलचं इंजिन धडधडायला लागलं की बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून दहाएक मिनिटांनी सगळेच आपोआप गप्प होतात. मला हा भाग फार आवडतो. एकमेकांशी बोलायला आलेली माणसं एकदम बघायला लागतात. पाण्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर उतरलेले. जंगल थेट पाण्याला भिडत नाही. दोहोंच्या मध्ये लाल मातीचा उघडा पट्टा असतो, दिवाळीत हातभर, होळीपर्यंत दोन-तीन पुरुष उंच. त्या पट्ट्यावर वठलेली खोडं उभी असतात आणि खोडांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. एखाद्या घळीत पाणी आत शिरलेलं, तिथं सावली इतकी गडद की पाणी काळं दिसतं.

एका खेपेला बोट सरळ जाता जाता उगाच वळसा घालून गेली. समोर काहीच नव्हतं, नितळ पाणी. मी इंजिनाच्या आवाजावर ओरडून विचारलं, “काका, सरळ का नाही घेतली?”

“खाली आंबा हाय,” ते म्हणाले.

फेब्रुवारी होता. पाणी उतरायला लागलेलं. आंब्याचं खोड पाण्याखाली दोन-तीन हातांवर आलेलं असणार, बोटीचा पंखा अडकू शकतो. काकांना अशी सगळी खोडं पाठ होती. कुठं आंबा, कुठं जांभूळ, कुठं देवळाचं जोतं. ते या पाण्याखालच्या गावात जन्मले नव्हते. गाव बुडाल्यावर वरच्या वाडीत जन्मले. झाडं त्यांना वडलांनी दाखवली, उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर, चिखलातून चालत. “हितं आमचं खाचर. भाताचं. वडील हितं औत धरायचे,” असं म्हणत त्यांनी सुकाणू पुन्हा सरळ केलं. बोटीतल्या मुलांनी वाकून पाण्यात पाहिलं. दिसण्यासारखं काही नव्हतं.

खोऱ्याच्या तळाशी भाताची जमीन होती, ती सगळ्यांत आधी बुडाली. चांगली जमीन नेहमी खालीच असते. ज्यांची घरंदारं गेली त्यांच्यापैकी कुणी सोलापूरकडच्या उजाड रानात गेले, कुणी ठाणे-रायगडाकडे, आणि बरेचसे आपले देव डोक्यावर घेऊन डोंगराच्या कडेनं वर सरकले आणि तिथंच राहिले. वर खडकाळ उतार, नाचणी-वरीपुरती माती. त्या काळी महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६ साली झाला, म्हणजे कोयनेचं पाणी भरून दहा-बारा वर्षं उलटल्यावर. त्यामुळे कुणाला किती मिळालं, कुणाचं राहिलं, याचा हिशेब आजही संपलेला नाही. कोयना धरणग्रस्तांची आंदोलनं तिसऱ्या पिढीपर्यंत चालत आली आहेत. त्यात १९६७ च्या ११ डिसेंबरची पहाट. रिश्टर मापावर साडेसहाच्या आसपासचा भूकंप, कोयनानगर उद्ध्वस्त. धरणाला तडे गेले पण ते उभं राहिलं. आजही या भागात जमीन अधूनमधून हलते, आणि इथली बायामाणसं भांडी वाजली की भिंतीपासून दूर सरतात, एवढं ते अंगवळणी पडलंय. ज्यांच्या शेतावर पाणी साठवून वीज केली, त्यांच्यातल्या कितीतरी वाड्यांत वीज मात्र फार उशिरा आली.

मग घरटी एक तरी माणूस मुंबईला. जावळी आणि पाटणच्या पोरांनी मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत पाठीवर पोती वाहिली. माथाडी म्हटलं की सातारा जिल्हा आठवतो तो उगाच नाही. आज बोटीत चढल्यावर एखादी म्हातारी आपल्या शेजारी बसते, तिच्या पिशवीत औषधं, मुलानं पाठवलेला मोबाइल आणि अर्धा किलो बोंबील असतात. ती सहलीला आलेली नसते. बाजार करून घरी चाललेली असते. आपण ज्याला बोटिंग म्हणतो ती तिची एसटी आहे.

वासोट्याच्या पायथ्याला मेट इंदवली. किल्ल्याच्या पहाऱ्यावरच्या माणसांची ही जुनी वस्ती. आता तिथं वस्ती नाही. वन खात्याची चौकी आहे. चौकीत पिशव्या उघडून दाखवाव्या लागतात. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्सच्या पिशव्या असं सगळं प्लास्टिक मोजून लिहून घेतात आणि परत येताना तितकंच दाखवावं लागतं. पहिल्यांदा आलेल्यांना याचा राग येतो. मला ही पद्धत इतकी पटते की प्रत्येक गडाच्या पायथ्याला ती असावी असं वाटतं. चार तासांनी आपल्याच पिशवीतला आपलाच कचरा मोजून दाखवला की माणूस पुढच्या वेळी घरून निघतानाच विचार करतो.

चौकी ओलांडली की लगेच जंगल सुरू होतं, आणि ते वेगळं जंगल आहे. सह्याद्रीत आपण बहुतेक ठिकाणी उघड्या डोंगरावर, उन्हात, गवतातून चढतो. इथं तसं नाही. भर दुपारी पायाखाली उन्हाचे तुकडे मोजून घ्यावेत इतकंच ऊन. जांभूळ, अंजनी, हिरडा, उंबर. खाली कारवीची दाटी, सात वर्षांतून एकदा फुलणारी. सुरुवातीलाच एक ओढा आडवा येतो. त्याच्याजवळ मारुती आणि गणपती, शेंदूर लावलेले. ओढ्यापलीकडे वाट हळूहळू चढायला लागते, आणि थोड्या वेळानं बोलणं पुन्हा आपोआप बंद होतं, या वेळी दमानं. मग ऐकू यायला लागतं. शीळ कस्तुराची लांबलचक, कुणी माणूस रमतगमत शीळ घालत चाललाय असं वाटावं अशी शीळ. वर फांद्यांत शेकरूची खडखड. गवे, अस्वलं, बिबटे इथं आहेत. दिसतात ते त्यांचे माग. ओल्या मातीत उमटलेल्या गव्याच्या खुराशेजारी आपला पंजा ठेवून पाहिला की पुढची पाच मिनिटं माणूस जरा जपून चालतो.

या जंगलाला माहितीपत्रकांतून अनेकदा ‘मानवी स्पर्श न झालेलं’ म्हणतात. मला ते वाचून दर वेळी वाईट वाटतं, कारण डोळे उघडे ठेवून चाललं तर स्पर्श पावलोपावली दिसतो. पायथ्याजवळच्या झाडीत जमीन एकसारखी उतरत नाही, टप्प्याटप्प्यानं उतरते. प्रत्येक टप्प्याच्या कडेला दगडांचा बांध. खाचरं आहेत ती, त्यात आता मांडीएवढ्या जाडीची झाडं उभी आहेत. एका ठिकाणी आंब्याची झाडं एका रांगेत. जंगल रांगेत आंबे लावत नाही. फणस दिसला की समजावं, इथं अंगण होतं. वाटेपासून थोडं आत, पालापाचोळ्यात अर्धं बुडालेलं एक दगडी उखळ मी पाहिलं. काठ एका बाजूनं झिजलेला, मुसळ त्याच बाजूनं पडत असणार; म्हणजे कांडणारी बाई नेहमी एकाच जागी उभी राहत असणार. त्यात पावसाचं पाणी साठलं होतं, तळाशी काळी पडलेली पानं, आणि पाण्यावर बोटाच्या पेरापेक्षा लहान एक बेडूक. किती तरी वेळ मी तिथं उकिडवी बसून राहिले. मागून येणारी मुलं थांबली, त्यांनी बेडकाचे फोटो काढले, ‘हे काय आहे’ म्हणून उखळाकडे बोट दाखवलं. त्यांना सांगितलं. त्यांच्यातल्या एकीनं हात घालून आतली पानं काढली, आणि मग बेडकाची जागा गेली म्हणून परत ठेवली.

१९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं. पुढं २०१० मध्ये कोयना आणि शेजारचं चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यातल्या महाराष्ट्रातल्या चार जागांमध्ये कास आणि कोयना दोन्ही आहेत. या प्रत्येक टप्प्यावर जंगलाला मोकळीक मिळाली आणि काही वाड्यांना उठावं लागलं. धरणानं एकदा उठवलेली माणसं अभयारण्यानं पुन्हा उठवली, असंही झालं. जंगल परतलं हे खरं आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. शेकरू डोक्यावरून उडी मारून जातो तेव्हा त्या आनंदात काही खोट नसते. पण ही झाडी कुणीतरी जागा सोडल्यावर वाढली, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगून चालता येतं. मी तसं चालून पाहिलं आहे, आणि माझ्या अनुभवानं त्यानं चालणं जड होत नाही. उलट रानात बघण्यासारखं दुप्पट सापडतं.

तास-दीड तासाच्या चढानंतर झाडी संपते आणि पायऱ्या लागतात. वासोटा ११७१ मीटर. वर छप्पर नसलेला मारुती, पाण्याची जोडटाकी, चुन्याचा घाणा, वाड्याची जोती, महादेवाचं देऊळ. जावळीचं खोरं घेतल्यावर काही वर्षांनी शिवाजी महाराजांनी हा गडही घेतला आणि त्याला व्याघ्रगड म्हटलं. पेशवाईच्या शेवटी ताई तेलिणीनं हा गड पेशव्यांच्या बापू गोखल्यांविरुद्ध लढवला, ती गोष्ट साताऱ्यात लहान मुलांनाही ठाऊक असते. पण बराच काळ वासोट्याचं मुख्य काम कैद्यांना ठेवायचं होतं. इंग्रज कैदीही इथं ठेवले गेले. तटाच्या फार मोठ्या बंदोबस्ताची गरज नव्हती. खाली जंगल, जंगलात वाघ, पूर्वेला खोल खोरं आणि पश्चिमेला कडा. कैद्यानं जायचं कुठं? ज्या जागेची दहशत घालून माणसाला कोंडत, तिथं आज नोकरदार माणसं आठवड्याचा शीण घालवायला आपण होऊन येतात. मुलांना पाठीवर घेऊन येतात. मला यात एक फार मोठी, चांगली गोष्ट घडलेली दिसते.

पश्चिमेच्या टोकाला जाऊन उभं राहावं. तिथं बाबूकडा, अर्धगोल, खाली वाकून पाहवत नाही असा. समोर जुना वासोटा. त्याच्याही पलीकडे नागेश्वरचा सुळका, त्याच्या पोटातल्या गुहेत महादेव. महाशिवरात्रीला तिथं जत्रा भरते. कोकणातून चोरवण्याच्या बाजूनं माणसं चढून येतात, घाटावरून आपली माणसं जातात. अनवाणी बायका, कडेवर पोरं, डोक्यावर नारळाची पिशवी. ट्रेकिंग हा शब्द या खोऱ्यात पोचायच्या आधीपासून ही माणसं हाच कडा चढत आली आहेत, आणि ती देवासाठी जितकी चढत तितकीच भेटीगाठींसाठी, पलीकडची सोयरीक बघायला, चार घास बाहेर खायला, वारा घ्यायला. म्हणून डोंगरात मौजेखातर जाणं ही शहरातल्या माणसानं आणलेली गोष्ट आहे असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. आपण एका जुन्या रिवाजात उशिरा सामील झालो आहोत.

वासोट्यावर मुक्काम करता येत नाही. पावसाळ्यात वाट बंद असते आणि एरवीही दुपार कलायला लागली की खाली उतरून बोट गाठावीच लागते. पूर्वी लोक देवळात राहत, शेकोटी पेटवत. जुने भटके त्या रात्रींच्या आठवणी हळवेपणानं सांगतात. मला त्यांचा हेवा वाटतो, तरी हा नियम बरोबर आहे असंच मी म्हणेन. रात्र जनावरांची असते. टाक्यावर पाणी प्यायला गवा यायचा तर तिथं आपला तंबू नको. शिवाय या मर्यादेनं गडावरच्या वेळेला किंमत येते. परतीची बोट चुकली तर पर्याय नाही हे माहीत असलेला माणूस वर आला की मोबाइल काढून बसत नाही. तो बघून घेतो.

मर्यादा किती आणि कुणी घालायची, हाच या सगळ्या डोंगराचा आज मोठा प्रश्न आहे. कास पठार डोळ्यांसमोर आहे. जागतिक वारशात नाव आलं आणि सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागली. मग दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली, आजूबाजूच्या गावांच्या समितीची माणसं शिट्ट्या घेऊन उभी राहिली. हे चांगलं झालं. पठाराला तारेचं कुंपणही घातलं होतं. काही वर्षांनी गावकरी आणि वनस्पतींचे अभ्यासक, दोघेही सांगायला लागले की गुरांचं चरणं थांबल्यापासून गवत माजलंय, फुलं मागं हटतायत. शेवटी कुंपण निघालं. सातारकर म्हणून मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. फुलांच्या रक्षणासाठी म्हशीला बाहेर काढलं, आणि म्हशीचंही तिथं काम होतं असं निघालं.

आता कोयनेच्या काठाला मुनावळ्याला जलक्रीडेचं मोठं केंद्र झालंय, २०२४ मध्ये. वेगवान वॉटर स्कूटर, पाण्याखाली उतरायची सोय. शिवाय या खोऱ्यात ‘नवीन महाबळेश्वर’ वसवायची योजना आहे, शेकडो गावं तिच्या नकाशात आहेत. तरण्या पोरांना मुंबईला जावं लागू नये, गावातच चार पैसे मिळावेत, ही अपेक्षा रास्त आहे, आणि ती ज्यांनी साठ वर्षं वाट पाहिली त्यांच्या तोंडी तर अधिकच रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की पैसा काठावरच्या घरात पडला पाहिजे. बोट क्लबमध्ये तो पडतो. बोटीचा मालक याच खोऱ्यातला, चालवणारा त्याचा पुतण्या. ज्या घरात आम्ही उतरतो तिथंही पडतो. तिथल्या वहिनी चुलीवर नाचणीच्या भाकऱ्या थापतात, तळ्यातल्या माशाचं कालवण करतात, त्यात चिंचेऐवजी कोकम, कारण कोकण डोंगरापलीकडेच. ‘जेवताना मोठ्यानं गाणी नकोत, वरच्या वाडीत म्हातारी आजारी हाय’ असं त्या गिऱ्हाइकाला सरळ सांगतात, आणि गिऱ्हाईक ऐकतं. बाहेरच्या भांडवलाचं शंभर खोल्यांचं रिसॉर्ट आलं की म्हातारीसाठी आवाज कमी करा म्हणून कोण कुणाला सांगणार? वहिनींची सून तिथं चादरी बदलायला जाईल, एवढंच.

गेल्या खेपेला परत येताना काकांच्याच बोटीत होते. वाऱ्यानं पाणी उठलं होतं, बोट सावकाश चालली होती. मी तापोळ्याच्या पुलाचा विषय काढला. पलीकडच्या अहिरच्या बाजूला जोडणारा मोठा पूल तिथं बांधतायत. आत्तापर्यंत गाड्यासुद्धा तराफ्यावर चढवून न्याव्या लागत. या मंद बोटींचा प्रवास मला किती प्रिय आहे ते मी वर लिहिलंच आहे. म्हणून काकांना विचारलं, पूल झाले, रस्ते झाले, तर बोटींचं काय?

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग धाकट्या बहिणीची गोष्ट सांगितली. पावसाळा होता, रात्रीचे दोन वाजले होते, बाळंतपण अडलं होतं. पाण्याला लाटा, धुकं इतकं की काठ दिसेना. बोट घातली. बोटीतच झालं. बाई वाचली, पोर गेलं. “तवा पूल असता,” ते म्हणाले, “तर ते पोर आता कालिजात असतं.”

मी पुढं काही बोलले नाही. इंजिन धडधडत होतं. थोड्या वेळानं तेच म्हणाले, “गावाला पूल पायजेच, ताई. वासोट्याला नको. तिकडं बोटच बरी.” आणि पाण्याखालच्या आंब्याला वळसा घालायला त्यांनी सुकाणू डावीकडे घेतलं. बामणोलीला उतरताना पैसे देऊन होईपर्यंत पुढचा गट जॅकेटं घालून उभा होता, आणि त्यातल्या एका मुलाला ते विचारत होते, पोहायला येतं का रे तुला.